माओ वहिनीसाठी चार अक्षरं

मी एक जुना शाई उगाळायचा दगड आहे, मित्रांनो. चंदनाची सहाण असते ना, तसाच. फक्त माझ्या एका टोकाला शाई साठायला खोलगट जागा आहे. सध्या मी बाइशा गावातल्या एका स्वयंपाकघरात, मोहरीच्या पाल्याच्या लोणच्यावर वजन म्हणून पडून असतो. मिठानं माझी एक कड खाल्ली आहे. पण एके काळी मला तान गुरुजींच्या मेजावर जागा होती.

मी डोंगरातल्या ओढ्यातला. एका कारागिरानं महिनाभर घासून मला गुळगुळीत केलं. गुरुजींच्या वडिलांचा टोफूचा धंदा. मुलगा शिकून मोठा अधिकारी होणार, म्हणून त्यांनी मला सोयाबीनच्या टोपलीत जपून घरी आणलं. मुलगा तीनदा सरकारी परीक्षेला बसला आणि तीनदा नापास झाला. पुढे त्या परीक्षाच बंद पडल्या. मग त्यानं नदीकाठी शाळा काढली आणि तो तान गुरुजी झाला.

तीस वर्षं रोज सकाळी गुरुजी माझ्यावर थेंबभर पाणी घालत आणि शाईची कांडी गोल गोल फिरवत. "कडाक्याच्या थंडीतही याच्यावरची शाई सुकत नाही," असं ते पाहुण्यांना सांगत, आणि मी मनातल्या मनात फुगत असे. ते लिहीत ते जुन्या ग्रंथांच्या भाषेत. सणाला दारावर लावायच्या शुभवचनांच्या लाल पट्ट्या, लग्नाची पत्रं, घराण्यांच्या वंशावळी, सगळं त्याच भाषेत. गावात ती कोणालाच कळत नसे. लोक म्हणत, "कळत नाही, म्हणजे भारीच असणार!"

नदी ओलांडायला गावाची फुकट होडी होती. माओ नावाडी वारला आणि त्याची बायको ती होडी चालवू लागली. सगळे तिला माओ वहिनी म्हणत. पोटापुरता तांदूळ गाव देत असे. पलीकडून हाक आली की हातातलं जेवण ठेवून ती निघायची. गुरुजी होडीत बसून पाठांतर करत. ती म्हणायची, "गुरुजी, होडीत तरी थांबा हो. मासे शहाणे झाले तर जाळ्यात कोण येणार?" सगळी होडी हसायची. गुरुजी मात्र तिच्याकडे पाठ करून बसायचे.

एका वर्षी पाचव्या महिन्यात नदी चढली. शाळेकडचा काठ सखल. वहिनीनं खेपेखेपेनं तिथली माणसं उंच काठावर न्यायला सुरुवात केली. गुरुजी होडीत चढले तेव्हा मी त्यांच्या छातीशी होतो. पुस्तकांची पेटी मात्र शाळेच्या माळ्यावर राहिली होती.

"वहिनी, माझी पेटी!"

"आधी माणसं, गुरुजी. पेटीमागं रडायला लेकरं नसतात."

उंच काठावर उतरल्यावर गुरुजी चिखलातच बसले. "सगळं आयुष्य गेलं माझं," म्हणून लहान मुलासारखे रडू लागले. शेवटची म्हातारी उतरली. वहिनीनं तोंडावरचा घाम पुसला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"रडू नका हो. आणते मी."

तिची शेजारीण, सगळे जिला नववी आत्या म्हणत, ती ओरडली, "वेड लागलंय का तुला? कागदासाठी जीव घालवशील!"

"अगं, ही गेले नि ही आले."

मित्रांनो, त्या वेळी गुरुजी 'नको' म्हणू शकले असते. तो शब्द त्यांच्या छातीत उठलेला मला कळला होता. तो ओठांपर्यंत आला नाही.

दोन दिवसांनी होडी खालच्या बांबूच्या बेटात अडकलेली सापडली. पेटी आतच होती, वहिनीच्या कंबरेच्या फडक्यानं फळीला घट्ट बांधलेली. वहिनी आणखी एका दिवसानं सापडली. गुरुजींनी ती पेटी पुढे कधीच उघडली नाही.

गावानं घाटावर तिच्या नावाचा दगड उभारायचं ठरवलं. गावचे वडीलधारे पंग आजोबा शाळेत आले. "गुरुजी, काहीतरी मोठं लिहा. आम्हांला नाही कळलं तरी चालेल."

गुरुजींनी कांडी फिरवायला घेतली. त्यांनी दयेच्या सागरावर लिहिलं, पुण्याच्या पर्वतावर लिहिलं. इतकी शाई मी एका दिवसात कधी पाहिली नव्हती. संध्याकाळी नववी आत्या आली. त्यांनी तिला सगळं वाचून अर्थ सांगितला.

"छान आहे," ती म्हणाली. "पण यात ती कुठाय?"

गुरुजींनी सगळे कागद फाडले. बराच वेळ ते माझ्यातल्या काळ्या पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी फक्त चार अक्षरं लिहिली. आमच्या लिपीत एक अक्षर म्हणजे एक अख्खा शब्द: तारलं लोकांना, विसरली स्वतःला.

"हे पहिलं अक्षर," ते आत्याला हळू आवाजात सांगू लागले, "याच्या कडेला पाण्याचे तीन थेंब आहेत. नदीपार नेणं आणि अडलेल्याला मदत करणं, जुन्या ग्रंथांत दोन्हीला हे एकच अक्षर आहे. मी ते पन्नास वर्षं घोकलं, आत्या. अर्थ मला आत्ता कळला."

आत्यानं डोळे पुसले. "आता तिचं नाव लिहा."

गुरुजींचा कुंचला थांबला. "काय नाव तिचं?"

"माओ वहिनी. आणखी काय?" आत्या म्हणाली.

तिचं स्वतःचं नाव आत्यालाच काय, कोणालाच माहीत नव्हतं. पंग आजोबांनी माओ घराण्याची वंशावळ आणली. तिच्यात एवढंच होतं: माओची पत्नी, शियांग घराण्यातली. ते गुरुजींनीच लिहिलेलं होतं, माझ्याच शाईनं. बायकांची नावं वंशावळीत लिहायची पद्धत नव्हती, म्हणून विचारलंही नव्हतं. गुरुजी बावीस वर्षं तिच्या होडीत बसले होते.

नदीच्या वरच्या अंगाला शियांग घराण्याची तीन गावं होती. गुरुजी त्या म्हाताऱ्या पायांनी तिन्ही गावं फिरून आले. लहानपणीच लग्न करून दिलेली मुलगी तिथं कोणाला आठवणार? शेवटी दगडावर चार अक्षरं कोरली आणि खाली तिच्या नावाच्या दोन अक्षरांपुरती जागा सोडली.

त्यानंतर शाळेत नवा मुलगा आला की गुरुजी आधी त्याच्या आईचं नाव विचारत. एकदा एक पोरगा गोंधळून म्हणाला, "आईला नाव असतं होय?"

"घरी जा आणि विचारून ये," गुरुजी म्हणाले. "मी थांबतो."

पुढे गुरुजी वारले. पेन्सिलींची नवी शाळा आली. मला कोणीतरी घरी नेलं आणि लोणच्यावर ठेवलं. माझी तक्रार नाही, मित्रांनो. फक्त एक विनंती आहे. तुमच्यासाठी रोज कोणीतरी राबत असेल, आणि तुम्ही तिला कोणाची तरी बायको, कोणाची तरी आई म्हणूनच ओळखत असाल. तिला तिचं नाव विचारा. ती समोर आहे तोवर विचारा. मी पुष्कळ शाई दिली, पण ती दोन अक्षरं मला कधीच देता आली नाहीत.