घाम हुंगणारी पट्टी

सकाळी प्रोबेशनवाल्या बाईंचा फोन आला आणि माझं डोकंच फिरलं. शिरीषच्या घोट्यावरच्या पट्टीने म्हणे दारू पकडली. घामावरून कळतं तिला. पिऊन गाडी चालवली, सायकलवरच्या एका आजोबांना पाडलं, म्हणून कोर्टाने बांधलेली ती पट्टी. आता चुकला की सरळ तुरुंग. दुपारी दोघांनी येऊन खुलासा करा, म्हणाल्या.

"मीनल, शपथ. मी बारमध्ये पाऊलही टाकलं नाही," शिरीष म्हणाला.

"मग काय पट्टी प्यायली?" मी ओरडले.

माउथवॉश, आफ्टरशेव्ह, दारूचा अंश असलेलं सगळं मी कधीच फेकून दिलं होतं. इथे परदेशात, फेल्डहोवनमध्ये, तो घर ते ऑफिस सायकलने जातो, वाटेत कुठे थांबला असेल? धड विश्वास बसेना, धड उडेना.

ओरडणं ऐकून सासूबाई आल्या. पुण्याहून महिन्याभरासाठी आलेल्या. घोटा मुरगळलाय, म्हणून डॉक्टरांनी यंत्र बांधलंय, असं त्यांना सांगितलं होतं.

"अगं, किती ओरडशील त्याच्यावर? आधीच खंगलाय पोरगा. म्हणून तर मी त्याला द्राक्षासव सुरू केलंय."

"काय?"

"द्राक्षासव. जेवणानंतर दोन चमचे. भूक लागते त्याने."

अगं आई गं! आसव म्हणजे मुरवलेलं. त्यात दारू असतेच. मला हसावं की रडावं कळेना. औषध होतं तर! मी सासूबाईंसमोरच शिरीषला मिठी मारली. तो नुसता ताठ उभा राहिला.

"आई, ती बाटली द्या. डॉक्टरबाईंना दाखवायचीय." प्रोबेशनवाल्या बाईंना मी डॉक्टर करून टाकलं.

त्यांनी कपाटातून एक बाटली काढली, जेमतेम सुरू केलेली. मग पिठाच्या डब्यामागे हात घातला. "आणि ही दुसरी... अगंबाई, ही तर मी फोडलीच नव्हती!"

दुसरी रिकामी होती.

मी शिरीषकडे पाहिलं.

"पहिल्याच चमच्याला कळलं मला," तो माझ्या कानाशी पुटपुटला. "आई प्रेमाने देते, नाही कसं म्हणू? आणि मग... मला खरंच कळत नाही गं, मी औषध घेत होतो की पीत होतो."

मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

सासूबाई मात्र हरखल्या होत्या. त्यांनी रिकामी बाटली पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली.

"दोन्ही घेऊन जा. बघू देत डॉक्टरबाईंना, किती नेमाने घेतलंय माझ्या लेकाने."