बदलीवर हंबीरराव

झुंबरबाई स्वतःच्याच मोरीत घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. लोकांच्या फरश्या इतकी वर्षं पुसल्या, तिथे कधी पाय सटकला नाही. हे दुःख तिला हातापेक्षा मोठं होतं.

खरी पंचाईत पुढेच होती. राजारामपुरीतल्या सुलतानबी चाचींचं काम पक्कं होतं, तसा कामाचा दस्तूरही पक्का होता : बाई रजेवर गेली की बदली तिनंच द्यायची. नाही दिली तर दुसरी बाई दारात उभी राहते, आणि उभी राहिलेली बाई पुन्हा हलत नाही. गल्लीत कुणाला विचारावं तर तेही जमेना. झुंबरबाई काय काम करते हे गल्लीला ठाऊकच नव्हतं. तिच्या नवऱ्यानं, हंबीररावांनी, तालमीच्या कट्ट्यावर केव्हाच सांगून टाकलं होतं, "आमची मंडळी हापिसात हाय." कुठलं हापिस, हे कुणी विचारलं नाही. एकेकाळी जिल्ह्यात नाव कमावलेल्या पैलवानाला असलं कोण विचारणार?

"मग आता तुमीच जावा," झुंबरबाई म्हणाली.

"मी? फडकं घिऊन?"

"माजा हात लाकडागत झालाय. तुमचं दोन्ही रिकामंच हायती की."

हंबीरराव टोपी कपाळावर ओढून मागच्या बोळानं गेले.

चाचींनी दार उघडलं. दार भरून उभा राहिलेला माणूस पाहून त्या म्हणाल्या, "पावणं, कुणाकडं?"

"झुंबरची बदली."

चाचींनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही मावेना. "या, या. चपला तिथं काढा."

भांडी झाली. एका पातेल्याचा कान तेवढा वाकला. केर निघाला. फरशी मात्र ऐकेना. हंबीररावांनी फडकं असं पिळलं की पुसायला ओलच उरली नाही. पुन्हा भिजवलं आणि दारापासून खिडकीपर्यंत पुढे पुढे पुसत गेले. अभिमानानं वळून बघतात तो साऱ्या ओल्या फरशीवर त्यांचेच पाय उमटलेले.

"उलटं, पैलवान," चाची म्हणाल्या. "आतनं सुरू करा आणि मागं सरकत दाराकडं या."

"चाची, आखाड्यात मी कधी मागं सरकलो न्हाय."

"मग आखाडा कुणी पुसत नसंल. सरका."

जन्मभर मारलेल्या बैठका इथे कामी आल्या नाहीत. बैठकीत माणूस खाली जातो आणि वर येतो. फरशीला खालीच राहावं लागतं. सोफ्याखाली हात घालताना हंबीररावांच्या ध्यानात आलं, की झुंबर रोज गुडघ्यांना तेल का चोळते. आजवर त्यांना ते वय वाटत होतं.

काही दिवस बरे गेले. फक्त रस्त्याकडची गॅलरी ते रोज चुकवत होते. शेवटी चाची म्हणाल्या, "गॅलरीचं काय ठरवलंय? खालच्या मजल्यावर कामाला येती ती बाई कवापासनं हितलं काम मागतीया."

हंबीररावांनी गॅलरीच्या दारात उभं राहून विचार केला. रस्त्याकडे पाठ करून पुढे पुसत आत आलं तर तोंड लपतं, पण पाय उमटतात. नीट पुसायचं तर कठड्याशी बसून मागे सरकत यायचं, म्हणजे तोंड सरळ रस्त्याकडे. बराच वेळ त्यांनी बादलीतलं पाणी ढवळलं. मग कठड्याशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसले.

दुधाचे कॅन लावलेली एम-एट्टी मोपेड खाली थांबलीच. कट्ट्यावरचा केरबा.

"हंबीरराव! हितं कुठं?"

पावण्यांकडं आलोय, असं म्हणता आलं असतं. पण कोल्हापुरात पावण्यानं गॅलरी पुसल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"झुंबरच्या बदलीवर हाय!"

"वैनी हापिसात न्हवत्या व्हय?"

"न्हाय रं," हंबीररावांनी आवाज चढवला, म्हणजे अर्ध्या रस्त्याला ऐकू गेलं. "धुणीभांडी, फरशी करती. लय वर्सं झाली. तिचा हात मोडलाय, म्हणून मी."

केरबानं हनुवटी खाजवली. "बरं. त्या कोपऱ्यातलं ऱ्हायलंय बगा," म्हणाला आणि गाडी काढली.

कोपऱ्यातलं खरंच राहिलं होतं.

हंबीरराव घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. झुंबरबाई उंबऱ्यावर बसली होती.

"काय सांगिटलंसा केरबाला?"

"तू करतीस त्ये."

"नावानिशी?"

"व्हय. रस्त्यावरनंच इचारलं त्यानं, मोठ्यानं सांगाय लागलं."

झुंबरबाई डाव्या हातानं उगीच प्लास्टरवरची धूळ झाडत राहिली. तेवढ्यात समोरच्या दारातून धोंडुबाई, पदरानं हात पुसत, बाहेर आली.

"झुंबर, मला बी बग की गं एखांदं घर. कुणाला इचारावं कळंना झालतं."

"आगं, मग सांगायचं न्हाय व्हय!" झुंबरबाईनं उंबऱ्यावर सरकून जागा केली, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली : कुठली मालकीण मायाळू, कुठली नुसतीच गोड बोलती, कुणाच्या घरी पंख्याची पाती पुसायला लावतात, कुणाच्या गादीखाली चिवडा सापडतो.

हंबीरराव दोघींच्या मधून अंग चोरून आत गेले. जेवायचं काय, हे विचारायला थोड्या वेळानं त्यांनी दोनदा खाकरून पाहिलं. कुणी लक्ष दिलं नाही.