डांगराला पहिलं पातं

डांगर बाईनं कापायचं नसतं. पहिलं पातं पुरुषानं लावायचं, मग पुढं बाईनं हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. डांगर म्हणजे घरातला थोरला मुलगा, बाईचं पातं आधी लागलं तर ते त्याला बाधतं, असं आमच्या येडशी-ढोकीच्या पट्ट्यात मानतात. लाल भोपळ्यात आणि थोरल्या मुलात काय सारखं आहे, हे कुणी विचारत नाही. दोघंही जागा अडवून बसतात, असं गावातला बब्रुवान म्हणतो. पण बब्रुवानला कशाचंच सोयरसुतक नाही.

लक्ष्मीबाईला एकच मुलगा, उत्कर्ष. म्हणजे थोरला तोच आणि धाकटाही तोच. नवरा गेल्यापासून घरातलं डांगर तोच कापायचा.

बी धरायची तिची रीत सासूकडून आलेली. कार्तिकात उतरवलेली डांगरं घरात कडब्यावर मांडायची आणि त्यांना हात लावायचा नाही. जे गुढीपाडव्याच्या पुढं टिकतं त्याचाच विचार करायचा. मग ते कापायचं, कच्ची फोड चावून बघायची, एक फोड गुळाशिवाय शिजवायची. गर केशरी, कोरडा आणि गोड निघाला तरच त्याचं बी राखेत घोळून, शेणात थापून भिंतीला लावायचं. अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती थापी फोडून बी आळ्यात टाकायचं. नुसत्या दिसण्यावर जाऊ नये, असं ती म्हणायची, आणि ते फक्त डांगराबद्दल म्हणायची असं नाही.

दोन वर्षांमागं उत्कर्षनं शेजारच्या तुकड्यात पाकिटातलं संकरित डांगर लावलं, ठिबकवर. झकास आलं. एका मापाची फळं, टेम्पोत नीट बसणारी; व्यापारी बांधावरूनच घेऊन गेला. त्यात त्याचं काही चुकलं नाही, हे लक्ष्मीबाईही कबूल करायची. पण दोन्ही तुकड्यांत बांध एकच, आणि मधमाशीला बांध कळत नाही. त्या वर्षी तिच्या वेलांना फळं नेहमीसारखीच आली, कारण वेल जुनेच होते. परका वाण शिरला होता तो आतल्या बियांत. ते बी पेरल्यावर पुढच्या हंगामात त्यानं तोंड दाखवलं. एका वेलाला चपटी फळं, दुसऱ्याला लांब मानेची, काही मात्र अगदी जुन्यासारखी. निम्मी तर संक्रांतीच्या आतच पिचली आणि म्हशीला गेली.

पाडव्यानंतर डझनभर उरली. ती सगळी वरून जुन्यासारखीच. आतून बघितल्याशिवाय कुठलं जुनं आणि कुठलं भेसळीचं, हे कळायला मार्ग नव्हता. एरवी दोन-तीन कापली की भागायचं. यंदा सगळीच कापायला हवी होती. मागचं बीही शिल्लक नव्हतं. बी दरवर्षी ताजं धरायचं आणि उरलेलं गावात वाटून टाकायचं, अशीच तिची सवय. घेणाऱ्या बायाही आता पाकिटंच आणत होत्या. सासूचं डांगर आता उरलं असेल तर त्या कडब्यावर, नाहीतर कुठंच नाही.

"उत्कर्ष, एवढी डांगरं कापून दे रं," एका सकाळी ती म्हणाली.

उत्कर्ष ट्रॅक्टरला ग्रीस भरत होता. उसाचा हंगाम संपून ढोकीच्या कारखान्याच्या खेपा थांबल्या होत्या, आता नांगरटीची कामं चालू होती. "एवढी कापून काय करतीस? गावजेवण घालायचंय का?"

"बी बघायचंय."

"बी दुकानात मिळतंय की. यंदा दोन्ही तुकड्यांत पाकिटाचंच लावणार हाय म्या."

"मला इचारलंस?"

"इचारल्यावर व्हय म्हणली असतीस?"

शब्दाला शब्द लागला. खाण तशी माती. दोघांपैकी कुणी मागं सरेना. पाकिटावर जगणाऱ्याला घरचं काय कळणार, असं लक्ष्मीबाई बोलून गेली. मग उत्कर्षनं हातातलं फडकं फेकलं आणि मुलानं आईला म्हणू नये ते म्हणाला.

"मग तुझ्या हातानं काप की. थोरला हाय न्हवं म्या? काप. बघू मला काय व्हतंय ते."

त्याची बायको करिश्मा दारात ज्वारी पाखडत होती. तिच्या हातातलं सूप थांबलं. "असं बोलू न्हाय," ती हळूच म्हणाली. पण बोलून झालं होतं.

लक्ष्मीबाई शेजारच्या बब्रुवानकडं गेली. नात्यानं तो तिचा चुलतदीर. तो कोयता घेऊन आला, तीन डांगरं कापली आणि पाठ धरून बसला. तिन्हींचा गर फिका, पाणचट. "वैनी, ह्यो तर काकडीचा भाऊ निघाला," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो पाठ दाखवायला म्हणून लातूरला लेकीकडं गेला आणि तिकडंच राहिला. आणखी कुणाला बोलवावं तर गाव विचारणार, की घरात तरणाताठा मुलगा असताना ही दुसऱ्याच्या दारात का उभी. तिला त्याची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला.

ऊन वाढत चाललं. एक डांगर बुडातून पिचलं, मागोमाग दुसरं. अखिती तोंडावर आली.

त्या दुपारी उत्कर्ष जेवायला बसला होता. लक्ष्मीबाईनं कडब्यावरचं सगळ्यात जड डांगर उचलून ओसरीवर आणलं. देठापाशी ते मऊ पडू लागलं होतं. मग तिनं खुंटीवरचा कोयता काढला.

"काय करतीस?" त्यानं विचारलं.

"तू सांगितलेलं."

तो हसला. तिनं पदर खोचला, डांगर गुडघ्याशी टेकवलं, कोयता उचलला. तिच्या मनात त्या वेळी मुलगा नव्हता. अखिती होती, आणि रिकामी भिंत होती. कोयता खाली आला तेव्हा त्यानं झेप घेऊन तिचं मनगट धरलं. ताट कलंडून आमटी ओसरीभर झाली.

"ठेव खाली," तो म्हणाला. देवाधर्माची थट्टा करणाऱ्या त्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "म्या कापतो. सगळी कापतो. सोड तू."

तिनं कोयता सोडला. मग तिला दिसलं. पात्याचं टोक सालीला लागलं होतं. नखाएवढी चीर, तिच्यात पाण्याचा एक थेंब. उत्कर्षला ती दिसली नाही. त्यानं डांगर फिरवून घेतलं आणि दुसऱ्या बाजूनं घाव घातला.

आत केशरी गर. कोरडा, दाट, आणि वास असा की करिश्मा चुलीपासून उठून बाहेर आली. लक्ष्मीबाईनं फोड चावली. हेच ते. सासूच्या हातचं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशाचं हे तिला सांगता आलं नसतं. उत्कर्षनं उरलेलीही कापली. सगळी पिवळी, पाणचट.

जुनं निघालं ते एकच. आणि त्यातल्या बियांना आतल्या आतच मोड आले होते. गरात पांढऱ्या शेपट्या वळवळल्यासारख्या दिसत होत्या. आता ते बी वाळवता येणार नव्हतं, भिंतीला लावता येणार नव्हतं. आजच्या आज ओल्या मातीत गेलं तर जगेल. आणि ओली माती एकाच ठिकाणी होती, पाकिटातल्या बियासाठी तयार केलेल्या ठिबकच्या तुकड्यात.

लक्ष्मीबाईनं मागितलं नाही. उत्कर्ष कुदळ घेऊन उठला. "ह्या साली पाकिटाचं न्हाय लावत," तो म्हणाला. त्याचं मन वळलं असं कुणी समजू नये. तो भ्याला होता.

दोघांनी मिळून आळी केली. एकेक मोड जपून आत ठेवताना त्यानं वर न बघता विचारलं, "आई, म्या हात धरला नसता तर कापलं असतंस का?"

"येडा का खुळा? तुला भ्या दावत हुते."

तो मोकळं हसला आणि पाणी सोडायला गेला.

संध्याकाळी करिश्मानं साली गोळा करून म्हशीपुढं टाकल्या. त्यातला चीर पडलेला तुकडा लक्ष्मीबाईनं आधीच काढून घेतला होता. तो तिनं उकिरड्यामागं खड्डा करून पुरला, वर दगड ठेवला आणि हात धुतले.

मोड जगले. जाड हिरवी पानं आली, वेल बांधाकडं सरकू लागले. तिला आनंद व्हायला हवा होता, तसा तो झालाही. पण उत्कर्ष नांगरटीला निघाला की ट्रॅक्टरचा आवाज येडशीच्या रस्त्याला विरेपर्यंत ती दारात उभी राहते. तो यायला उशीर झाला, तर त्या दिवशी ती वेलांना पाणी द्यायला जात नाही.