पॉजवर ठेवलेले सर

पोलादपूरपलीकडच्या एका कॉलेजात ई-लर्निंग तपासायला समिती आली, आणि नेमकी त्याच सकाळी घाटात दरड कोसळून इंटरनेट गेलं. प्राचार्यांनी मोठ्या टीव्हीची काच काढायला लावली आणि रिकाम्या चौकटीमागे अर्थशास्त्राच्या शरच्चंद्र सरांना उभं केलं.

"सर, लय हलू नका," शिपाई भागोजी कुजबुजला. "तुमी आता व्हिडिओ हाय."

तेवीस वर्षं खडू झिजवून हेच नशिबी यायचं होतं! तरी सर जीव तोडून शिकवू लागले. समितीच्या बाईंनी रिमोट रोखून पॉज दाबलं. सर बोट वर करून थिजले. नाकावर माशी बसली, तरी हलले नाहीत.

"काय जिवंत चित्र आहे!" बाई खूश झाल्या. "मग आता या सरांची जागा रद्दच करा की."

सरांचं तोंड उघडंच होतं. पण प्ले कोणी दाबेना.