लिंडसेची तक्रार

आमच्या शेडमध्ये गुरुवारी चहा हातात पडण्याआधी प्रत्येकाला एक कुरकूर करावी लागते. हा नियम डेस शुल्झचा. डेस आयुष्यभर ट्रॅक्टर विकत होता. निवृत्त झाल्यावर ऑस्ट्रेलियातल्या या किनाऱ्यावरच्या गावात आम्हा म्हाताऱ्यांच्या सुतारकाम-शेडच्या किटलीचा ताबा त्यानं घेतला आणि तो मोठ्या मिजाशीत सांभाळतो. आठवड्यात डोकं कशानं फिरलं ते सांगायचं, आणि किती फिरलं ते एका शब्दात. एकानं वापरलेला शब्द त्या दिवशी दुसऱ्यानं वापरायचा नाही. 'फ्रस्ट्रेटेड' हा शब्द तर कायमचा बाद.

"तो टीव्हीवरच्या हरलेल्या कॅप्टनचा शब्द," डेस म्हणतो. "त्याला ना तिखट, ना मीठ."

त्यामुळे लवकर येणाऱ्याची चंगळ असते. 'क्रँकी', 'फेड अप', 'चीझ्ड ऑफ' हे रोजच्या वापरातले शब्द पहिल्या चारपाच जणांतच खपतात. मग 'रोपेबल' निघतो, म्हणजे दोरखंडानं बांधून ठेवावा इतका खवळलेला. खरं तर तो मोठ्या प्रसंगाचा शब्द, पण आमच्या गावात कचऱ्याची गाडी मंगळवारऐवजी बुधवारी आली तरी माणसं रोपेबल होतात. एकदा मी उशिरा पोचलो, काहीच उरलं नव्हतं, म्हणून सरळ 'वैताग' म्हणून टाकलं.

"परदेशी माल चालणार नाही!" माझ्या शेजारच्या बाकावरचा ट्रेव्ह ओरडला.

"आणि तुझी जपानी गाडी चालते ती?" मी म्हटलं.

वैताग मंजूर झाला. आता तोही माझ्याआधी कुणीतरी पळवतं. मला इथे सगळे वॉम्बॅट म्हणतात, म्हणजे इथला एक गुबगुबीत, बिळात राहणारा प्राणी. वामन म्हणायचा कंटाळा, दुसरं काय. इतकी वर्षं या गावात औषधाचं दुकान चालवलं, निम्म्या गावाची मूळव्याध मला तोंडपाठ आहे, पण नाव काही कुणाला जमलं नाही.

या सगळ्यांत कुरकूर न करणारा एकच, लिंडसे पास्को. हा जगातलं कुठलंही बंद यंत्र चालू करतो. गवत कापायचं यंत्र, पंप, कपडे धुण्याचं मशीन, जे बिघडेल ते लोक त्याच्या अंगणात टाकून येतात. शेडमध्ये पाळी आली की तो म्हणायचा, "तक्रार नाही," आणि कपाला हात घालायचा. असं म्हणणाऱ्याला इथे पुढे काही विचारत नाहीत. ती रीत समजली जाते.

एकदा पोस्टात त्याची बायको हेदर भेटली. काठी टेकत आली होती.

"वॉम्बॅट, ईस्टर झाला की माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन," ती म्हणाली. "मग होडीत चढणं कायमचं विसरा. लग्नाआधी ह्या माणसानं मला शब्द दिला होता, स्वतः बांधलेल्या होडीतून समोरच्या बेटावर नेईन, रात्री तंबू टाकू. होडी जवळजवळ झालीय. अंगणात उपडी पडलीय आणि तिच्यावर तुम्हा लोकांची यंत्रं!"

"मग त्याला सांग ना, लोकांना नाही म्हण म्हणून."

"तो? स्वतःचं घर पेटलं तरी शेजाऱ्याला बादली उसनी देईल!" ती हसली, पण डोळे काही हसले नाहीत. "आणि तू शेडमध्ये अवाक्षर काढायचं नाहीस. बोलायचं तर त्यानंच बोलायला हवं."

आता माझं स्वतःचं गवत कापायचं यंत्रही त्या होडीवरच होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तोंड बंद ठेवलं.

पुढच्या गुरुवारी लिंडसे कधी नव्हे तो उशिरा आला. कुणाचा तरी पंप पोचवायला गेला होता. तोवर आमची सगळ्यांची फेरी झाली होती. समुद्रपक्ष्यानं बार्बेक्यूवरचं सॉसेज पळवल्यामुळे डेस क्रँकी होता, जावयानं नेलेली ढकलगाडी परत न आल्यामुळे दुसरा एकजण रोपेबल होता, माझा वैताग मी या वेळी शिताफीनं पटकावला होता. ट्रेव्हच्या वाट्याला काहीच उरलं नव्हतं. त्यानं खूप डोकं खाजवलं आणि मग लिंडसेचा आवाज काढून म्हणाला, "तक्रार नाही." सगळे खो खो हसलो. डेसनं तेही मंजूर केलं.

इतक्यात लिंडसे आत आला, हात पुसत.

"बोल," डेस म्हणाला.

"तक्रार नाही."

"संपलं!" सगळे एकदम ओरडलो. "ट्रेव्हनं घेतलं!"

"बरं, मग फेड अप."

"तेही गेलं."

"वायटॅग?"

"गेलं!" मी म्हटलं.

लिंडसे किटलीकडे बघत राहिला. कान लाल झाले. मग म्हणाला, "मला ईस्टरच्या आत होडी पाण्यात घालायचीय. हेदरला बेटावर न्यायचंय. पुढल्या वर्षी तिला चढता येणार नाही. आणि मला माझ्याच होडीपर्यंत पोचता येत नाही, कारण मध्ये तुमची गवत कापायची यंत्रं आहेत." हात पुसायचं फडकं त्यानं बाकावर टाकलं. "मला ती दुरुस्त करायची नाहीत. बस."

लिंडसे स्वतःच घाबरल्यासारखा दिसत होता.

"हा एक शब्द नव्हे," डेस अखेर म्हणाला. "हे भाषण झालं." आणि त्यानं सगळ्यांत मोठा कप भरून लिंडसेच्या हातात दिला. "चला रे, उठा. गाड्या काढा."

चहा न पिता उठण्याची ती पहिलीच वेळ. दुपारपर्यंत आम्ही आपापली यंत्रं मुकाट्यानं घरी नेली, ती बिघडलेलीच. दुसऱ्या दिवशी डेस रंग घेऊन आला, ट्रेव्ह वल्ही घासायला बसला, आणि मला कुठल्याही धारदार वस्तूला हात लावू न देता सँडविचं आणायला पिटाळलं. हेदर खुर्ची टाकून देखरेख करत होती. "तिथे राहिलंय, आंधळ्या!" असं ती ट्रेव्हला इतक्या आनंदानं म्हणत होती की त्यानं मुद्दाम आणखी दोन जागा सोडल्या.

ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही होडी पाण्यात ढकलली. तिघांनी धरून हेदरला आत बसवलं. पाणी आत येतंय हे आम्हाला काठावरूनच दिसलं, पण ती बिस्किटाच्या डब्यानं ते बाहेर फेकत होती, हसत होती, आणि लिंडसे बेटाच्या दिशेनं वल्हवत होता. ते ठिपक्याएवढे होईपर्यंत आमच्यातला एकही घरी गेला नाही. मला रडू आलं, आणि ते ट्रेव्हनं पाहिलं, म्हणजे आता जन्मभर ऐकून घेणं आलं.

पुढच्या गुरुवारी लिंडसे सगळ्यांच्या आधी हजर. एकही शब्द वापरला गेला नव्हता.

"होडी चाळणीसारखी गळते, त्यामुळे मी क्रँकी," तो म्हणाला. "तंबूत मुंग्या होत्या, म्हणून चीझ्ड ऑफ. माशांनी ढुंकून पाहिलं नाही, म्हणून फेड अप. पाठ धरलीय, म्हणून रोपेबल. आणि परत येताना वारा उलटा होता, तो वायटॅग."

"अरे चोरा, आम्हाला काही ठेवशील की नाही?" ट्रेव्ह म्हणाला.

डेसनं कप भरला. "आणि हेदर? ती काय म्हणते?"

लिंडसेनं सावकाश एक घोट घेतला.

"तिची तक्रार नाही."