पावसाळ्यात रंधलेलं दार

मधुकररावांच्या बंगल्यामागच्या दोन खोल्यांत मी चौसष्ट साली भाड्यानं राहायला आलो. सदर भागातल्या एका लायब्ररीत ग्रंथपाल होतो. लग्न केलं नव्हतं, आणि पुस्तकांखेरीज फारसं सामान नव्हतं. मधुकरराव वकील. त्यांची काळी फियाट बंगल्याच्या कडेच्या गॅरेजमध्ये उभी असे. गॅरेजला सागवानी दोन पल्ल्यांचं दार होतं, माणसाच्या दीडपट उंच.

दोन वर्षांनी ते गेले. गाडी चालवणारं कोणी उरलं नाही. त्यांच्या पत्नी गोपिकाबाई आतल्या लहान दारानं गॅरेजमध्ये जाऊन गाडीवरची धूळ तेवढी पुसत. मोठ्या दाराचं काम माझ्याकडे कसं आलं, ते मला नीट सांगता येणार नाही. कोणी सांगितलं नव्हतं. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लाकडाला जवसाचं तेल लावायचं, म्हणजे पावसाचं पाणी मुरत नाही, आणि बिजागऱ्यांना ग्रीस भरायचं. पहिल्या वर्षी मी बाहेरून तेल लावत होतो, तर आतून गोपिकाबाईंचा आवाज आला, "इकडची बाजू मी घेते बाप्पा. तुमच्या भरवशावर राहिलं तं दिवाळी होईल, लायब्ररीवाले."

तेव्हापासून तसंच ठरून गेलं. बाहेरची बाजू माझी, आतली त्यांची. मध्ये दीड इंच सागवान. पलीकडून फडकं फिरल्याचा आवाज यायचा. तो थांबला की मीही थांबायचो. त्या तासा-दीड तासात आम्ही जे बोललो ते लाकडाबद्दल, तेलाच्या वासाबद्दल, वांगी महागल्याबद्दल. समोरासमोर मला तेवढंही बोलता आलं नसतं. पन्नाशीला आलेल्या माणसानं असलं काही मनात धरावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. धरलं होतं, एवढं खरं.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचं, कृष्णकांतचं, भिलाईहून पत्र आलं. गोपिकाबाईंनी ते मला वाचून दाखवलं. 'आई, गाडी विकली गेली की मी तुला न्यायला येतो. आता एकटी राहू नकोस.' त्यांनी पत्राची घडी घातली. त्या वर्षी तेल लावायचं राहून गेलं. आमच्यापैकी कोणीच विषय काढला नाही.

आषाढात कळमेश्वरचे आनंदराव गाडी पाहून गेले. पसंत केली. न्यायला आले त्या दिवशी दार उघडेना. दोन्ही पल्ले फुगून एकमेकांत रुतून बसले होते. चार माणसांनी जोर लावला, तर चौकटीचा गिलावा पडला. आनंदराव हसून म्हणाले, "दारच नाही म्हणते तं काय करावं? उघडलं की निरोप धाडा."

शालिकराम सुतार आला. त्यानं बोटाच्या पेरानं पल्ले वाजवून पाहिले. "लाकूड पाणी पिऊन राहिलं जी. आता याले हात लावू नका. दसऱ्यापर्यंत थांबा, आपोआप उतरते. पावसात दार रंधलं, तासलं तं उन्हाळ्यात फटीतून कुत्रं जाते."

"मग पाहू दसऱ्यानंतर," गोपिकाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "घाई नाही न हो?"

"नाही," मी म्हणालो.

खोलीत आलो आणि विचार करत बसलो. तेल मी लावलं नव्हतं. त्यांचं मुलाकडे जाणं माझ्या आळसामुळे अडलं होतं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून त्या घाई नाही म्हणाल्या असाव्यात. शिवाय थांबण्यात माझाच फायदा होता. दसऱ्यापर्यंत त्या इथं राहणार, या कल्पनेनंच मला इतकं बरं वाटलं की ते थांबणं चोरीसारखं वाटू लागलं.

श्रावणातल्या एका उघडिपीच्या रविवारी त्या घराची किल्ली माझ्याकडे ठेवून महाल भागात बहिणीकडे गेल्या होत्या. मी शेजारून रंधा मागून आणला. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या रामाजीला हाताशी घेऊन आतून बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, एक पल्ला उतरवला आणि त्याची कड रंधली. ढलपे ओले निघत होते, रंध्यात अडकत होते. दोन वाजेपर्यंत पल्ला परत बसवला. दार एका बोटानं उघडलं.

त्या रिक्षातून उतरल्या तेव्हा दोन्ही पल्ले सताड उघडे होते आणि गाडीवर ऊन पडलं होतं. माझ्या केसांत भुसा होता. त्या शाबासकी देतील, असं मला वाटत होतं. लिहितानाही लाज वाटते.

"शालिकराम येऊन गेला?"

"नाही. मीच केलं. म्हणजे, रामाजीनं धरलं."

त्यांनी खाली पडलेला एक ढलपा उचलला, बोटाभोवती गुंडाळला. तो ओला होता, तुटला.

"काहून एवढी घाई केली हो?" त्या म्हणाल्या. "मी म्हटलं होतं न."

आणि त्या आत गेल्या. मी तिथंच उभा होतो. आयुष्यभर पुस्तकं वाचलेल्या माणसाला 'घाई नाही न' हे तीन शब्द वाचता आले नव्हते.

आठवड्यानं गाडी गेली. पोळ्याच्या आधी कृष्णकांत आला. निघताना गोपिकाबाईंनी गॅरेजची किल्ली माझ्या हातात दिली. "दाराकडे लक्ष ठेवा," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या एप्रिलमध्ये पल्ले वाळले आणि मध्ये तीन बोटांची फट पडली. शालिकराम म्हणाला तशी.

त्याला आता पंधरा वर्षं झाली. बंगला कृष्णकांतनं विकला नाही, माझं बिऱ्हाडही हललं नाही. दिवाळीला भिलाईहून पत्र येतं. अलीकडे ते कृष्णकांतच्या अक्षरात असतं, पण शेवटची ओळ ठरलेली असते: 'आई दाराचं विचारते.' मी कळवतो, ठीक आहे. दर अक्षय्यतृतीयेला मी तेल लावतो, बाहेरून. किल्ली माझ्याजवळ आहे, पण आतल्या बाजूला मी हात लावलेला नाही. फटीतून पाहिलं की तिची कड करडी, कोरडी पडलेली दिसते.

परवा म्हातारा शालिकराम रस्त्यानं जाताना थांबला. फटीत हात घालून पाहिला त्यानं.

"एवढी फट काहून ठेवली जी? पट्टी मारून देऊ काय? अर्ध्या दिवसाचं काम."

"दसऱ्यानंतर पाहू," मी म्हणालो. "घाई नाही."