तीन पाण्यांचा तांदुळजा

आश्विनातलं कोवळं ऊन. पडायचं ते कणसांवर, पण पडलं डांबरावर. काळ्या महामार्गावर सोनेरी लाटा उठल्या आणि ट्रकांच्या चाकांखाली चिरडून गेल्या. नदीच म्हणायची ही. फरक इतकाच, की हिच्या तीरावर देवळं नाहीत, ढाबे आहेत, आणि हिला पूर येतो तो सुट्टीच्या दिवशी.

या नदीच्या काठी, बॅटरीवाल्याच्या शेडची मोरी जिथे उघडी होते तिथे, तांदुळजा माजला होता. मरकतवर्णी, मांसल, दवबिंदुमंडित. रानातला तांदुळजा त्याच्यापुढे पोरका दिसावा. शेजारी ‘झाडे जगवा’ अशी पाटी होती. पाटी गंजली होती, आज्ञेचं पालन मात्र चोख चाललं होतं.

गोजराबाई रोज सकाळी तिथे वाकायची. तिची लेक शेवंता पहिल्या बाळंतपणाला सातव्यात माहेरी आली होती, आता नववा लागला होता. अंगात रक्त कमी. हिरवा पाला खा, असं नर्सबाईंनी बजावलेलं. डोहाळाही नेमका तांदुळज्याचा! दोन महिने गोजराबाई ओटी भरून हिरवाई आणत होती, लसणाच्या फोडणीत परतत होती, आणि लेकीला ताट पुसून खाताना बघून स्वतःच जेवल्यागत ढेकर देत होती.

आज मोरीपाशी कॉलेजातल्या टिकेकर बाई उभ्या होत्या. महिन्यापूर्वी त्यांनी इथली पानं पुडीत बांधून तपासायला नेली होती.

“मावशी, ही भाजी खाऊ नका. यात बॅटऱ्यांतलं शिसं सापडलंय.”

“तीन पाण्यांनी धुते की, बाई. मीठ घालून.”

“धूळ नव्हे हो. मुळांनी मातीतून ओढलंय ते. पानाच्या आत आहे.”

त्यांनी एक पान उन्हात धरलं. पान पेटल्यासारखं उजळलं. शिरा न् शिरा दिसली, कोवळी, निरागस, बाळाच्या कानाच्या पाळीसारखी.

“पोटुशीनं खाल्लं असंल तर?”

टिकेकर बाईंच्या हातात कागद होता. कागदावर आकडे होते, टिंबापुढे चार-चार. त्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

“दवाखान्यात रक्त तपासून घ्या.”

“तपासलं की निघतं व्हय ते?”

एक टँकर गेला. त्याच्या गर्जनेत बाईंचं उत्तर वाहून गेलं.

गोजराबाई घरी आली. ओटीत पाला तसाच होता. बाई बोलायच्या आधी हातांनी खुडलेला, सवयीनं.

उंबऱ्यात शेवंता बसलेली. मांडीवर रिकामं ताट, पोटावर तळवा. तळव्याखाली काहीतरी हललं, आणि ती स्वतःशीच हसली.

गोजराबाईनं पाला परातीत टाकून पाणी ओतलं. धुतलं. ओतून दिलं. दुसरं पाणी. तिसरं. मग चौथं. मग पाचवं. पानं चुरगळली, बोटं पांढरी पडली.

“आये, किती धुशील गं? रंग जाईल भाजीचा!”

आई वाकून परातीत बघत राहिली. पाणी नितळ होतं. तळ दिसत होता, तळाशी तिचा चेहरा दिसत होता. नितळ, निर्मळ, निर्दोष पाणी. पहिल्या दिवसापासून नितळच होतं.